मौनाचा नवस

मी बोलणं सोडणार आहे, असं जाहीर केलं तेव्हा घरात कोणी ते मनावर घेतलं नाही. लेक हसली. जावई फौजेत, तेव्हा त्यांची पोस्टिंग लांब होती, त्यांनी फोनवरून विचारलं, "किती मिनिटांसाठी, आई?" शेजारणीनं तर सांगून टाकलं की तुम्ही गप्प बसलात तर देवी नुसत्या आश्चर्यानंच नवस पुरा करील. मी रागावले नाही. त्यांचं चुकत नव्हतं. मी झोपेतही बोलते, असं आमचे हे हयात असताना सगळ्यांना सांगायचे.

बोलणं हा माझा पोटाचा धंदाच होता. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक कॉल जोडायचे. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ. दिंडोरीचा द्राक्षवाला मुंबईच्या व्यापाऱ्याशी भांडायचा, देवळालीतली जवानाची बायको पठाणकोटला रडायची, आणि मधे मी. समोरच्यानं नुसतं "हॅलो" म्हटलं की बातमी चांगली आहे की वाईट, हे मला कळायचं. माणूस म्हणजे त्याचा आवाज, हे माझ्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं.

आणि माझी एकुलती एक नात जन्मतः बहिरी निघाली.

कानात यंत्र बसवण्याचं ऑपरेशन असतं म्हणून आम्ही मुंबईला गेलो. आवाज मेंदूपर्यंत नेणारी नसच हिच्यात धड तयार झालेली नाही, त्यामुळे ऑपरेशनचा उपयोग होणार नाही, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. लेक तिथे रडली नाही. परतीच्या वाटेवर इगतपुरीला वडापाव खाताना रडली. मी मात्र हार मानली नाही. रोज संध्याकाळी पोरीला समोर बसवायचे, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचे आणि "आजी, आजी" म्हणत राहायचे. ती माझा गळा मन लावून चाचपायची, आणि मग आपलं बोट माझ्या नाकातल्या चमकीवर टेकवायची. मी म्हणजे चमकी. तिनं माझं नाव तेव्हाच ठेवलं होतं, पण मला ते नाव वाटत नव्हतं.

ती सहा वर्षांची झाली तसा घरात खरा वाद पेटला. लेकीनं नाशकातच एक शाळा शोधली होती, जिथे मुलं हातांनी बोलतात. ती पोरीला एकदा तिथे घेऊन गेली. त्या दिवशी तिथे काही कार्यक्रम होता. बहिऱ्या मुलांना टाळ्या ऐकू येत नाहीत, म्हणून तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही. सगळे दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. पोरगी घरी आली ती हेच करत. सकाळी दूधवाल्याला, दुपारी टीव्हीला, संध्याकाळी देवघरातल्या समईला, हात वर आणि पंजे भिरभिर. मी तिचे हात धरून खाली करायचे. हातांनी बोलायची सवय लागली की तोंड कायमचं बंद होणार, असं मला वाटायचं. आणि हे काही माझ्या एकटीचं मत नव्हतं, चार शिकलेली माणसंही तेच सांगत होती. लेक म्हणायची, "आई, तिला बोलायचंय, आणि तू तिचं तोंड दाबतेस." मी म्हणायचे, मी हात धरते, तोंड नाही. ती म्हणायची, तेच ते.

जूनच्या आत प्रवेश घ्यायला हवा होता. भांडून भांडून दोघी थकलो, तेव्हा मी म्हणाले की गडावर जाऊन देवीलाच विचारते. ती सांगेल ते मान्य. लेक देवीला मानणारी, पण मला ओळखणारी. म्हणाली, "देवीनं तुझ्या मनाविरुद्ध सांगितलं तरी ऐकशील?" मी मान डोलावली. मनातून मला खात्री होती की देवी माझ्याच बाजूची आहे.

वणीच्या सप्तशृंगीला आमच्याकडून नाना तऱ्हेचे नवस होतात. कोणी अनवाणी चालत जातं, कोणी लोटांगणं घालत पायऱ्या चढतं. माझ्या आईकडून आलेला नवस मौनाचा. घराचा उंबरा ओलांडला की तोंड बंद, ते देवीचं मुख दिसेपर्यंत. आणि मौन सोडताना पहिला शब्द देवीसमोर उच्चारायचा, आपल्याला हवं असेल तेच मागायचं. माझा शब्द ठरलेला होता. वाचा. हिला वाचा दे. माझी घे हवी तर, तशीही पुष्कळ वापरून झाली आहे.

चैत्राची यात्रा होऊन गेल्यावरच्या एका मंगळवारी मी आणि नात गडाच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं कुठे जायचं विचारलं. मी वर बोट दाखवून हात जोडले. मग त्यानं पोरीकडे वळून तिलाच विचारलं, हाफ तिकीट ना? ती खिडकीबाहेर बघत होती. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. दोघी मुक्या आहेत, असं त्यानं ठरवूनच टाकलं. तिकीट देताना तो माझ्याशी फार मोठ्यानं आणि एकेक शब्द तोडून बोलला. पुढच्या सीटवरची म्हातारी तिच्या सुनेला म्हणाली, "दोघीबी मुक्या हायेत गं. लय वाईट वाटतंय." सून म्हणाली, आजी तर चांगल्या घरातली दिसते. मग दोघींनी माझ्या साडीपासून पोरीच्या फ्रॉकपर्यंत आमची सगळी मापं काढली. माझ्या कानांदेखत. एरवी मी अशा बाईला पुढच्या स्टॉपच्या आत गप्प केलं असतं. तोंडापर्यंत शब्द आले आणि तिथेच थांबले, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला पहिल्यांदा कळलं की माझ्या नातीच्या डोक्यावरून लोक दिवसभर असंच बोलत असतात, आणि त्यात मीही असते.

दिंडोरी मागे पडली, द्राक्षांच्या बागा संपत आल्या. पोरीनं माझा दंड हलवला. बाहेर बांधावर एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती आणि तिच्यामागे तिचं शेळीचं पिल्लू तिच्याच पावलांनी उड्या मारत होतं. नातीनं बोटांनी मांडीवर ते पिल्लू करून दाखवलं. इतकं हुबेहूब, की मला हसू आलं. एरवी मी म्हणाले असते, "शेळी. म्हण, शे-ळी." आज म्हणता येत नव्हतं. काय करावं ते कळेना, म्हणून मीही दोन बोटं मांडीवर नाचवली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा हाताकडे. गडाचा घाट सुरू होईपर्यंत तिनं मला मग सोडलंच नाही. विजेचे खांब, ट्रॅक्टर, कंडक्टरच्या मिशा, पुढच्या म्हातारीचं डुलक्या घेणं. पोरीच्या पोटात इतकं साठलेलं होतं. मी थक्क होऊन बघत बसले.

गडावर आता ट्रॉली झाली आहे, पण नवसाच्या माणसानं पायऱ्याच चढाव्यात. माकडांपासून नारळ सांभाळत, दर थोड्या वेळानं टेकत मी चढले. ती पुढे पळायची, वरून वळून बघायची, चमकीला हात लावल्यासारखं बोट आपल्या नाकावर टेकवायची आणि हातानं बोलवायची. आजी, ये. हे मला कळत होतं. आजवर कळत नव्हतं असं थोडंच आहे, पण मी कधी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आज देत होते.

गाभाऱ्यासमोर ही गर्दी. मंगळवार, त्यात कुठल्या तरी गावाची अख्खी मंडळी वाजतगाजत आलेली. घंटा, ढोलकी, "उदो उदो"चा गजर, त्यातच कोणी कोणाला हाका मारतंय, रांग सांभाळणारे ओरडताहेत. आणि त्या रेट्यात माझ्या हातातून नातीचा हात सुटला. ती बारकी, कठड्याखालून सरकली आणि पुढच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

नवस गेला चुलीत, म्हणून मी तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. हाक मारणार तरी कोणाला? उभ्या जन्मात मी आवाजानं माणसं शोधली, गावंच्या गावं जोडली, आणि माझ्या स्वतःच्या नातीपर्यंत माझा आवाज पोचायची सोय नव्हती. देवी दिसत नव्हती, पोरगी दिसत नव्हती. दुसरं काहीच सुचेना, म्हणून मी हात वर केला. सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, जितका जाईल तितका, आणि पंजा हलवत राहिले.

डाव्या अंगाला, कठड्याच्या पार पुढच्या टोकाला एक छोटा हात वर आला.

तिनं मला आधीच पाहिलं होतं. ती घाबरलेली नव्हती. तिनं तळवा दाखवून मला थांबवलं, मग बोट नाकावर टेकवलं, मग कठड्यावर थाप मारली. आजी, थांब, मी इथे आहे. माझ्या शेजारची बाई दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या नवऱ्याला ओरडून काही विचारत होती आणि त्याला ऐकू जात नव्हतं. त्या सगळ्या गोंगाटात कोणाचं कोणाला कळत नव्हतं, आणि आम्ही दोघी इतक्या लांबून नीट बोलत होतो. माझ्या अंगावर काटा आला, तो अजून आठवलं तरी येतो.

लोकांनी वाट दिली, मी तिच्याजवळ पोचले, तिला घट्ट धरलं. आणि मान वर केली तेव्हा देवी समोर होती. कड्यातच कोरलेली, माणसाच्या कितीतरी वर गेलेली, मान किंचित कललेली, डोळे टक्क उघडे. दोन्ही बाजूंना पसरलेले अठरा हात.

शब्द ओठांवर होता. वाचा. एवढंच म्हणायचं होतं. पण नातीनं माझा पदर ओढला. तिचा चेहरा असा उजळला होता की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. तिनं नाकावर बोट टेकवलं, आजी. मग देवीच्या हातांकडे बोट केलं, एका बाजूच्या, मग दुसऱ्या बाजूच्या. आणि आपले दोन्ही हात वर करून पंजे भिरभिरवले. आजी, बघ. हीसुद्धा.

मी लहानपणापासून गडावर येते. ते हात मी आयुष्यभर पाहत आले. त्यांतली आयुधं पाहिली, महिषासुर आठवला, नमस्कार केला. ते हात वर उचललेले आहेत, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या नातीला ती देवी त्या हातांच्या शाळेतली दिसली.

माझं तोंड उघडलं नाही. शब्द कुठे गेला, कोण जाणे. माझे हात आपोआप वर गेले, आणि मी, ट्रंक कॉलवाली बाई, सप्तशृंगीसमोर उभी राहून पंजे हलवायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चला, माउली, पुढं चला" म्हणत मागच्यांनी आम्हाला ढकललं आणि दर्शन संपलं.

बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांच्या कडेला बसलो. समोर दरीपलीकडे मार्कंडेय ऋषींचा डोंगर. ते तिथे बसून पुराण सांगतात आणि ते ऐकायला देवीनं मान कलती केली आहे, असं आई सांगायची. मी त्या डोंगराकडे बघत राहिले. केवढा लांब आहे तो. एवढ्या लांबून आवाज येणार कुठून? मग ती ऐकत नसेल, बघत असेल, असं माझ्या मनात आलं. बोलणाऱ्याकडे मान कलती करून, टक लावून, आमची पोरगी बघते तशी.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. काळजीत होती. विचारू लागली, पोचलात का, दर्शन झालं का, मौन सुटलं का, आणि मग जरा थांबून, "काय म्हणाली देवी?"

मी फोन नातीच्या हातात दिला, माझ्याकडे तोंड करून. मला दोन्ही हात मोकळे हवे होते. मग ते वर केले आणि पंजे हलवले.

पडद्यावर लेकीचा चेहरा हलला, तिनं फोन कुठे तरी टेकवला असावा; आधी आमच्या स्वयंपाकघरातला पंखा दिसला, आणि मग तिचे दोन हात वर आले.

परतीला तीच एसटी होती, तोच कंडक्टर. नात माझ्या मांडीवर बोटांनी देवी उभी करत होती. हात पुरत नव्हते म्हणून तिनं माझेही घेतले होते. कंडक्टर जवळ आला, आमच्याकडे पाहून हसला, आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, "झालं का दर्शन, आजी? पावली का देवी?"

"पावली," मी म्हणाले.

त्याच्या हातातलं तिकिटाचं मशीन तसंच राहिलं. पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले. त्यानं चालत्या गाडीत गडाकडे तोंड करून हात जोडले. एरवी मी त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं असतं. पण माझे हात नातीकडे होते, आणि तिचं अजून संपलं नव्हतं.