काकांनी लावून दिलेली कॅश

आपा आणि मी अकोल्यात गेली काही वर्षं बायकांच्या कार्यक्रमांचे फोटो काढतो. म्हणजे फोटो ती काढते आणि अल्बम मी रचते. ती मूळची पातूरची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सगळे तिला आपा म्हणतात म्हणून मीही म्हणते. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात मेंदीच्या खोलीतल्या बायकांनी फोटोग्राफरला दारातच अडवलं, तेव्हा नवरीची मैत्रीण म्हणून आलेल्या आपानं त्याच्या हातातला कॅमेरा मागून घेतला होता. ते फोटो पाहून मीच तिला म्हटलं, आपण दोघी मिळून हे काम करू. ती म्हणाली, "घरी विचारून सांगते." आणि दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "विचारलं नाही, पण करू."

आमचा कॉम्प्युटर माझ्या घरी, बाहेरच्या खोलीत. त्याच्या हार्डडिस्कवर आमची सगळी लग्नं, बारसी, डोहाळजेवणं साठवलेली. जसजशी कामं वाढली तसतसा तो मंदावत गेला. एखाद्या लग्नाचं फोल्डर उघडायला लावून मी आत जायची, कुकर चढवून यायची, तरी पडद्यावर चौकटीच दिसायच्या, फोटो नाहीत. डिस्कची किरकिर तेवढी अखंड चालू. एकदा अल्बमची पानं पाहायला आलेल्या एक सासूबाई खुर्चीतच झोपी गेल्या. सून म्हणाली, "उठवू नका, घरी त्या दुपारी झोपत नाहीत."

शेवटी आम्ही तो कॉम्प्युटर अमरावतीला नेला. माझ्या माहेरच्या गल्लीत एक काका आहेत. आधी रेडिओ आणि विहिरीवरच्या पंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात. आमच्या कॉम्प्युटरचा डबा त्यांनीच जुळवून दिला होता.

"काका, नवीन घ्यावा लागते का?" मी विचारलं. माहेरी गेलं की माझी भाषाही माहेरी जाते.

"कायले?" काकांनी बाजूचं झाकण काढून आतली धूळ फुंकली. "तुमची डिस्क मोठी हाय, पन हयूहयू चालते. हिले मी कॅश लावून देतो."

आपा सावरून बसली. "काका, कॅश तर नाही आणली. मोबाइलवरून चालेल का?"

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी ड्रॉवरमधून काडेपेटीहून जरा मोठी, चपटी वस्तू काढली. ती एसएसडी, म्हणजे चपळ जातीची डिस्क. सगळे फोटो मावतील एवढी मोठी घ्यायची तर आमचं दिवाळं निघालं असतं. ही छोटीच होती.

"तुमी हयद-तिखट रोज कोठीतून आनता का?" त्यांनी विचारलं. "नाई ना? चुलीजवळ मसाल्याचा डबा असते. तसंच हे कॅश. साठा मोठ्या डिस्कवर. जे घडीघडी लागते, थे मशीन आपोआप या छोटीत आनून ठेवते. छोटी लय चपळ हाय. तुमाले काई करा लागत नाई."

पुढं ते आणखी काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात समोरच्या गाडीवरून गरम गिला वडा आला होता आणि आमचं लक्ष तिकडे गेलं.

घरी आणून चालू केला तर पहिल्या दिवशी काहीच फरक नाही. आपा म्हणाली, "फसवलं आपल्याला." तिनं तिथूनच काकांना फोन लावला.

"त्याले शिकू तं द्या," काका म्हणाले. "तुमी काय काय उघडता, थे समजायले दोन दिवस लागतीन."

तिसऱ्या दिवशी मी सवयीनं फोल्डरवर बोट दाबलं आणि कुकर लावायला उठले, तर मागे सगळे फोटो येऊन उभे. मी तशीच खाली बसले. आपानं तेच फोल्डर दहा वेळा उघडलं आणि दहा वेळा बंद केलं. त्या दिवशी आमच्याकडे वरण-भात फार उशिरा झाला.

मग दोन-तीन महिने मजेत गेले. त्याच सुमारास हिवरखेडचं एक लग्न आलं. भाजीपाला आणि झेंडू पिकवणारं घर. नवरीची आई काही केल्या कॅमेऱ्यासमोर येईना. "माहा फोटो चांगला येत नाई," म्हणून पदर ओढून स्वयंपाकघरात. पण हळदीच्या वेळी नणंदेनं मागून येऊन तिच्या दोन्ही गालांना हळद फासली आणि ती बाई मान मागे टाकून खदखदून हसली. आपानं तो क्षण बरोब्बर पकडला. तसा फोटो मुद्दाम काढायला जाऊन मिळत नाही.

आम्ही सगळे फोटो कॉम्प्युटरवर घेतले, कॅमेऱ्याची कार्डं पुसून रिकामी केली, कारण लगेच पातूरला एक निकाह होता. आपा तिकडे गेली आणि मी दोन दिवस बसून चाळीस पानांचा अल्बम रचला.

तो पूर्ण झाला आणि मला एक शक्कल सुचली. हिवरखेडला दाखवायला लॅपटॉप न्यायचा होता, आणि तोही रडतखडतच चालायचा. मी विचार केला, सगळं तर मोठ्या डिस्कवर आहे. छोटीत नुसत्या नकला. ती चार दिवस लॅपटॉपला लावली तर काय बिघडलं? पेचकस घेतला, डबा उघडला आणि छोटी डिस्क काढली. मग लॅपटॉप पालथा घातला. त्याच्या पाठीला अकरा स्क्रू. दहा निघाले, अकरावा निघेना. तेल घालून पाहिलं, चिमट्यानं पाहिलं. शेवटी नाद सोडला आणि म्हटलं, तोवर कॉम्प्युटर तरी चालू करू.

पडदा काळा आणि वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. सारांश एवढाच, की डिस्कची कॅश सापडत नाही, दोघींचं नातं तोडून टाकू का? हो किंवा नाही. मला वाटलं, तोड बाई एकदाचं आणि चालू हो. मी बोट पुढं केलं.

आपा पातूरहून नुकतीच येऊन दारात चपला काढत होती. तिनं तिथूनच "थांब!" म्हणून ओरडून, धावत येऊन माझं मनगट धरलं.

"काय लिहिलं आहे ते वाचलं का?"

"वाचलं. समजलं नाही."

"मग बोट काहून पुढं करून राहिली?"

तिनं काकांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बटन दाबलं का?" काकांनी आधी हेच विचारलं.

"नाही."

"छोटी कुठी हाय?"

"माझ्या हातात," मी म्हटलं.

"फॉर्मेट तं नाई केली?"

"नाही. लॅपटॉपचा एक स्क्रूच निघाला नाही."

मग काका म्हणाले, "त्या स्क्रूले हयदकुंकू वाहा. आन् डबा घेऊन दोघी इकडे या."

तेव्हा फोनवरच त्यांनी सांगितलं की आम्ही जे नवीन साठवतो तेही आधी छोटीतच लिहिलं जातं, आणि मशीनला सवड मिळाली की मोठीवर उतरतं; त्याआधीच नातं तोडलं तर छोटीतलं गेलंच. म्हणजे हिवरखेडच्या लग्नातलं किती मोठीवर पोचलं आणि किती माझ्या हातात होतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्ही हे सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"सांगतलं होतं. तवा तुमी वडे खाऊन राहिल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. चादरीत गुंडाळलेला डबा आपाच्या मांडीवर, छोटी डिस्क रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय? टीव्ही?"

"लगन हाय," आपा म्हणाली.

"कोनाचं?"

"हिवरखेडचं."

त्यानं आम्हा दोघींकडे नीट पाहिलं आणि तिकिटं फाडून पुढं गेला. आपा हसली, मला हसू आलं नाही. अल्बम मी पुन्हा रचला असता. त्या बाईचं हसू कुठून आणणार होते?

काकांनी छोटी डिस्क पुन्हा तिच्याच जागी, तिच्याच वायरला लावली. डबा चालू केला. दिवा लुकलुकायला लागला आणि मोठी डिस्क किरकिरू लागली. ती किरकिर इतकी गोड मला कधी वाटली नव्हती. "छोटीतलं उतरून राहिलं," काका म्हणाले. "हात लावू नका." आपा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी काकांच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाठ केलं. अर्ध्या तासानं त्यांनी फोल्डर उघडलं. चाळीसच्या चाळीस पानं, आणि सतराव्या पानावर हळदीनं माखलेली ती बाई, तशीच हसत.

आपानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तो अजून आठवतो.

"चूक माही बी हाय," काका म्हणाले. "काम तुमचं लगनाचं, अन् मी नुसती चपळाई पाहिली." त्यांनी सेटिंग बदललं. आता नवीन काही साठवलं की ते दोन्हीकडे एकदमच लिहिलं जाणार. उघडायला पूर्वीसारखंच झटपट, साठवायला मात्र जरा वेळ.

"किती वेळ?" आपानं कपाळाला आठी घातली. "काका, जुनंच राहू द्या ना. आता ही हात नाही लावत."

"हिचा भरोसा तू देते?"

आपानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नवीनच ठेवा."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली, या वेळी आमच्या हातात खायला काही नाही हे पाहून. "कॅश म्हणजे दुसरी प्रत नव्हे. प्रत पाहिजे असन तं येगळी डिस्क घ्या, भरा अन् कपाटात ठेवा." आम्ही त्याच आठवड्यात घेतली. दर सोमवारी भरतो.

अल्बम छापून आल्यावर दोघी हिवरखेडला गेलो. नवरीची आई सतराव्या पानावर थांबली. मग म्हणाली, "बापा, किती दात दिसून राहिले माहे!" आणि पान मुलीकडे फिरवून, "हा मोठा करून भेटते का?"

तोवर आजूबाजूच्या चार-पाच बायका जमल्या होत्या. अल्बम हातोहात फिरला. एक म्हणाली, "ही हसली, तं आमी काय रडतो का? आमचाबी काढा." आपानं कॅमेरा काढला. त्या बायका झेंडूच्या वाफ्यापाशी ओळीनं उभ्या राहिल्या, एकमेकींना कोपरानं ढोसत, आणि परतीची एसटी निघून गेली तरी आम्ही फोटोच काढत होतो.