माझ्या घराचं चिन्ह

"एन्ट्रोपी जोवी छे? आना घेर जई आवो. एक रूममां नव जण!"

गुजराती माध्यमाच्या अकरावी सायन्सच्या वर्गात सरांनी माझ्याकडे खडू रोखला. एन्ट्रोपी बघायची तर हिच्या घरी जाऊन या, एका खोलीत नऊ जण. एन्ट्रोपी म्हणजे अव्यवस्था, असं त्यांनी नुकतंच फळ्यावर लिहिलं होतं. सगळा वर्ग हसला. मीही हसले. हे सांगताना आजही जीभ जड होते. मीही हसले.

आमची खोली उधन्यात. आम्ही धुळ्याकडचे. वडील, म्हणजे आबा, पलसाण्याच्या डाईंगमध्ये कापड रंगवायचे, दोन्ही काका लूमवर विणायचे. दिवसपाळीचा काका उठला की त्याच गोधडीवर रातपाळीचा आडवा व्हायचा. प्रत्येकाचा एक खिळा, त्यावर एक टॉवेल, एक पिशवी. माझं दप्तर वीतभर सरकलं तरी कुणाला तरी पाय आखडून झोपावं लागायचं.

संध्याकाळी आबांना सगळं सांगितलं. वाटलं, सरांवर चिडतील. ते एवढंच म्हणाले, "तू काबर हासनी?"

मी का हसले? मला रडू आलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी अमोनियाची अभिक्रिया लिहिली. गणित न करता सांगा, एन्ट्रोपी वाढेल की घटेल? मी उभी राहिले. नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन. चार मोल वायूचे दोनच मोल झाले. एन्ट्रोपी घटणार, चिन्ह वजा.

"बराबर," सर म्हणाले. मी खाली बसले नाही.

"सर, मारा घरनी निशानी पण माइनस आवे."

माझ्या घराचं चिन्हही वजाच येतं. मी बोलत राहिले. वायू लहान डब्यात कोंबला की एन्ट्रोपी कमी होते, हे तुम्हीच शिकवलंत. कण मांडायचे प्रकार जितके जास्त, तितकी एन्ट्रोपी जास्त. आमच्या खोलीत झोपायचा एकच प्रकार आहे. पसारा करायलाही जागा लागते, सर.

बोलेपर्यंत मलाही ते कळलं नव्हतं. आम्ही गबाळे नव्हतो. आम्हाला हलायलाच जागा नव्हती.

सरांनी बाहेर काढलं. बापाला घेऊन ये, माफी माग, तरच वर्गात बसशील.

आबा खाडा करून आले. नखांत निळा रंग, कितीही घासला तरी न जाणारा. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही. त्यांनी नुसते हात जोडले. माझा बाप. माझ्या बरोबर उत्तरासाठी.

मी पुढे झाले आणि ते दोन्ही हात धरून वेगळे केले.

"आबा, हात नको जोडू. उत्तर बरोबर शे."

घरी येईपर्यंत आबा माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिले. माझी शाळा कायमची सुटली. पुढचं रसायनशास्त्र मी माझ्या खिळ्याखाली बसून वाचलं, परीक्षा बाहेरून दिली. आबा त्या दिवशी रागावले होते की घाबरले होते, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. हे दुःख माझ्याबरोबरच जाईल.

माफी मात्र मी मागितली नाही, मागणारही नाही. आज मी उधन्यातच अकरावीला हा धडा शिकवते. कुणाच्या घराचं उदाहरण देत नाही. आणि माझ्यासमोर कुणी दिलं, तर मी हसत नाही. उभी राहते.