टाळूवरचं तेल

हल्ली पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानातही ऑलिव्ह तेल मिळतं. झाकण उघडलं की मी थेट बहरीनला, नईम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये जाऊन पोचते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळमजल्यावर छोटी नर्सरी होती. मी तिथे शिकवायचे आणि वरच राहायचे, त्यामुळे नर्सरीचं खाण्यापिण्याचं सगळं खटलं माझ्या ओट्यावर. किती गोड दिवस होते ते!

माझ्याबरोबर एक पॅलेस्टिनी बाई शिकवायच्या. त्यांची चार वर्षांची मुलगी आमच्याच वर्गात होती. बहरीनमध्ये जन्मलेली, केचपशिवाय घास न गिळणारी. ऑलिव्ह दिसलं की तोंड फिरवायची. बाईंना ते फार लागायचं. गावी त्यांच्या आईची ऑलिव्हची झाडं होती, पण कागदपत्रांपायी त्यांना तिकडे जाता येत नव्हतं. मुलीनं आजीला पाहिलंच नव्हतं. निदान घरची चव तरी तिला कळू दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणून त्यांनी वर्गात ऑलिव्हचा धडा ठरवला. कुणाकुणाच्या हातून अम्मानमार्गे आलेली, आईच्या तेलाची शेवटची बाटली आदल्या दिवशी माझ्याकडे ठेवून गेल्या.

माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची. तिला सांभाळायला सासूबाई व्हिजिट व्हिसावर आलेल्या. आपल्याकडे तेव्हा ऑलिव्ह तेल म्हणजे केमिस्टकडचा डबा, बाळाच्या अंगाला लावायला. हे खायचं आहे, असं मी बजावलं होतं. पण ऐकतील तर शपथ! सकाळी बघते तर बाटलीच्या तळाला चमचा-दोन चमचे तेल, आणि पोरगी न्हाऊन-माखून, टाळू भरून चकचकीत.

"खायचं तेल कधी असं हिरवं असतं होय?" सासूबाईंनी उलट मलाच विचारलं.

एरवी फोडणीला तेल थेंब-थेंब घालणारी आमची सासू! मला असा संताप आला! खाली जाऊन बाईंना सांगून टाकलं. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून तळाचं तेल बघितलं. मग म्हणाल्या, बाळाला घेऊन ये.

वर्गात कागदी फांदीला दोऱ्यानं ऑलिव्हं बांधली होती, खाली चादर. ऑलिव्हं उतरवताना काठीनं झोडायचं नाही, कोवळी डहाळी मरते. गाईची धार काढतात तशी बोटं ओढत आणायची, असं त्यांनी पोरांना शिकवलं. मग माझ्या मुलीला चादरीवर मधोमध ठेवलं. आमच्याकडेही तान्ह्यांना हेच तेल चोळतात, मलाही आईनं चोळलं होतं, म्हणाल्या. एकेक पोर वाकून टाळू हुंगू लागलं.

त्यांच्या मुलीची पाळी आली. ती हुंगतच राहिली, हलेचना. मग आईला म्हणाली, "सित्तीच्या अंगाला असाच वास येतो?"

सित्ती म्हणजे आजी, एवढं अरबी मला कळत होतं. बाईंनी होय म्हणून मान हलवली.

उरलेलं तेल त्यांनी बशीत ओतलं, रोटीचा तुकडा बुडवून तिच्यापुढे धरला. घशाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण पोरीनं घास गिळला. मग रोटीनं बशीही पुसून खाल्ली.

बाळाला उचलून माझ्याकडे देताना बाई हळूच म्हणाल्या, "उद्या हिचं डोकं धुऊ नकोस."

मी धुतलं नाही. सासूबाईंना काय कुरकुरायचं ते कुरकुरू दे, म्हटलं.