तिसऱ्या पिंपाचा दोना

दोन पिंपं पास झाली होती. नारायणरावांनी तिसऱ्याची तोटी उघडली.

मी तेव्हा बालाघाटला आबकारी सब-इन्स्पेक्टर होतो. बिरसा गावाजवळ मोहाच्या दारूची नवी भट्टी निघाली होती आणि तिचं भलतंच नाव होत होतं. माल बाजारात जाण्याआधी तपासून, चाखून सील मारायचं हे माझं काम. पगारी दारुडा म्हणत मला मित्र.

भट्टी नारायणरावांच्या वडिलांनी उभारली. म्हातारे महिन्याभरापूर्वीच वारले होते; आता दारू नारायणराव उतरवत. घरची रीत अशी, की नव्या पिंपाचा पहिला दोना, म्हणजे पानाचा द्रोण, त्यांच्या रिकाम्या पाटासमोर ठेवायचा. तो ठेवायला नारायणरावांची आई बसली होती.

पहिले दोन दोने सरळ उभे राहिले. तिसरा ठेवला आणि आडवा झाला. वारा नव्हता; उन्हात पान हलत नव्हतं. आईने पुन्हा भरला. पुन्हा आडवा.

"साहेब, थे तोंडाले लावू नका," आई पाटाकडे बघत म्हणाली. "ह्याइले नाही चाललं."

"माय, तू चूप राह्य!" नारायणराव ओरडले. "जमीन वाकडी हाय, साहेब. मारा न सील. उद्या बिरसाचा बजार हाय, सारा मुलुख येते."

मी हायड्रोमीटर सोडला. ही काचेची नळी. दारूत किती बुडते त्यावरून दारूचा जोर कळतो. जोर अगदी नियमात होता. वासही मोहाचाच. सील न मारायला कारण नव्हतं. पण मी पुन्हा पाटाकडे पाहिलं. भीती वाटली, सरळ सांगतो.

"आधी तुम्ही घ्या," मी त्याच पिंपातून ग्लास भरून पुढे केला.

"मी?"

"हौ, तुम्हीच. माल तुमचा."

त्यांनी ग्लास ओठांपर्यंत नेला. पाटाकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला.

"बाबाचा हात मले नाही जमला, साहेब. दारू पाण्यावानी उतरली. जोरासाठी वार्निशचं स्पिरिट टाकलं. थोडंसंच."

वार्निशचं स्पिरिट म्हणजे विष. डोळे जातात, नाहीतर जीव. मोहाच्या उग्र वासात ते लपतं आणि नळीलाही फरक कळत नाही. आई हुंदका न देता नुसती रडत होती.

पिंप मातीत ओतलं. लायसन्स गेलं.

"संशय कशावरून आला?" ऑफिसात माझ्या साहेबांनी विचारलं.

"वासावरून, सर."

दुसरं काय सांगणार? हायड्रोमीटर दारूचा जोर सांगतो. प्यालेला माणूस सकाळी उठेल की नाही, ते त्याला विचारू नये.