पेवातला दिवा

दिवा जळत होता आणि पोरगी उत्तर देत नव्हती.

मी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून आत बघत होते. आमचं पेव तीन पुरुष खोल आहे. वरचं निम्मं रिकामं, खालच्या निम्म्यात ज्वारी. त्या ज्वारीवर दिवा ठेवलेला होता आणि त्याचा लख्ख उजेड पडला होता. उजेडात ती कुशीवर पडलेली दिसत होती. एक हात कोपरापर्यंत ज्वारीत, दुसऱ्या हाताजवळ शेराचं माप कलंडलेलं. आत्ताच तर ती खालून म्हणाली होती, "आजी, लई गरम." तिला आठ-दहाच मराठी शब्द यायचे, त्यातले हे तीन. मग ती माप भरायला वाकली, आणि वाकली ती उठलीच नाही.

"आत्या, दिवा तर जळून राहिलाय की," माझी सून माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

काय झालं ते तेव्हा मला कळलं.

मागून पोरीचे सर धावत आले. धिप्पाड माणूस, पांढरी दाढी, माझ्या लेकापेक्षा वीतभर उंच. त्यांनी बूट काढले, पेवाच्या काठावर बसले आणि दोन्ही पाय आत सोडले. माझ्या हातात काठी होती. मी त्यांच्या नडगीवर ती सगळ्या जोरानिशी मारली. ते कळवळून मागे पडले. मग मी स्वतः पेवाच्या तोंडावर आडवी बसले आणि ओरडले, "कोणी उतरायचं न्हाई. जो उतरंल तो तिच्यासंगं जाईल."

हे लोक कोण आणि आमच्या पेवाशी त्यांचं काय काम, ते आता सांगते.

आमचं गाव लोहा आणि कंधारच्या मधे. परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजची बारा मुलं-मुली आणि त्यांचे हे सर महिनाभरासाठी आपल्याकडे आले होते. उन्हाच्या मुलखात माणसं जमीन, पाणी, धान्य न संपवता कशी जगतात, हा त्यांचा अभ्यास. आधी ते लातूरकडे पाण्याचं बघून आले, मग नांदेडला गोदावरीकाठी राहिले आणि शेवटचे पाच दिवस आमच्या गावात. त्यांच्याबरोबर नांदेडच्या कॉलेजातल्या एक मॅडम होत्या, इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगायला.

मॅडमनी पहिल्या दिवशी मला हे समजावलं तेव्हा मी म्हणाले, "आम्ही कसं जगतोय हे बघायला विमानानं आले?"

"हाव आजी. त्यांच्याकडं ते विसरून गेलेत."

"आमच्याकडं बी विसरलेच हायेत. उशिराच आले म्हणा."

मॅडमनी ते त्यांना सांगितलं. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी टोमणा मारला होता आणि त्यांनी तो लिहून घेतला, याचं मला नवल वाटलं.

नवल वाटण्यासारखं पुष्कळ होतं. ती मुलं जेवलेलं ताट स्वतः घासायची. रिकामी पुडकी, कागद, सगळा कचरा पिशवीत बांधून परत न्यायला ठेवायची. शेण हातात घेऊन वास घ्यायची आणि गाईला काय खाऊ घातलं ते विचारायची. ही जी पोरगी, ती सगळ्यांत उंच, केसांची जाड पिवळी वेणी, उन्हानं नाक सोललेलं. ती माझ्या मागेमागे असायची. पाणी किती घागरी, चुलीला लाकडं किती, राख कुठं टाकता. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कोणी इतकं विचारलं नव्हतं. सून म्हणाली, "आत्या, हिला ठिवून घ्या. प्रश्न विचारत विचारत भाकरी तरी थापील."

"भाकरी थापायला अक्कल लागती. ती तुला तरी कुठं हाय?" मी म्हणाले. मॅडमनी हेही सांगितलं आणि पोरगी सुनेकडे बघून पोट धरून हसली.

तिसऱ्या दिवशी मी तिला पेव दाखवलं.

पेव म्हणजे पांढरीच्या, गावठाणातल्या घट्ट मातीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड विहिरीच्या चाकाएवढं, एक माणूस कसाबसा उतरेल इतकं, आणि आत पोट मोठं. कडेनं कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून माती लिंपायची. पाच-सात वर्षं ज्वारीला काही होत नाही. कीड लागत नाही, औषध लागत नाही. थोडा आंबूस वास येतो आणि भाकरी पिवळसर होते, एवढंच. पूर्वी गावात घरोघर पेवं होती. बाकीच्यांनी बुजवली, वर न्हाणीघरं बांधली. आमचं अंगणातलं एकच राहिलं, कारण मी बुजवू दिलं नाही.

पोरीला ते उघडून हवं होतं. सर आणि मॅडम तर हात जोडायचेच बाकी होते. मलाही वाटलं, ज्वारी काढायचीच आहे, यांच्यासमोर काढू.

पेव उघडायची एक रीत आहे. आदल्या दिवशी फरशी काढायची आणि रात्रभर तोंड उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी कंदील पेटवून दोरीनं पार ज्वारीपर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा. विझला तर वाट बघायची. आणि उतरणाऱ्याला दोन्ही बगलांखालून दोर बांधायचा, गाठ पाठीवर.

फरशी मी आदल्या दिवशी काढली. संध्याकाळी आभाळ आलं. ज्वारी भिजेल म्हणून मीच लेकाला वर ताडपत्री टाकायला लावली. पाऊस आला नाही. ताडपत्री सकाळपर्यंत तशीच, म्हणजे तोंड रात्रभर झाकलेलंच.

सकाळी कंदील खाली काढला तर तळाला थेंब नाही. रेशनवरचं रॉकेल बंद झालं तेव्हापासून कंदील नुसता खुंटीला होता. पातेल्यात गोड्या तेलाची पणती ठेवून सोडली असती तरी काम झालं असतं. मला सुचलं नाही. सून आतून दिवा घेऊन आली. त्या मुलांनी आम्हाला उन्हावर चालणारे दिवे भेट दिले होते, त्यातला एक. ना तेल, ना वात, ना धूर. दोरीला बांधून तिनं तो खाली सोडला.

आणि मी बघत राहिले. पन्नास वर्षं मी ते पेव उघडत आले, पण कंदिलाच्या उजेडात ताटाएवढी ज्वारी दिसायची, बाकी काळोख. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं पेव दिसलं. भिंतीवर पहारीचे घाव दिसले. माझ्या सासऱ्याच्याही आधी कोणी तरी ते मारलेले, आजही ताजे असल्यासारखे. कडब्याची धाटं सोन्यासारखी पिवळी. ज्वारी एका बाजूला उतरती झालेली, तिच्यावर एक पाऊलखूण, पाच वर्षांमागे भरताना माझ्या लेकानं उमटवलेली. मी तोंडात बोट घातलं. इतकी वर्षं उन्हाळ्यात अंगणात मी कशाच्या वर झोपत होते ते मला माहीतच नव्हतं.

"जळतोय ना आजी?" मॅडमनी विचारलं.

"जळतोय," मी म्हणाले. "उतरू द्या."

ही चूक माझी. सुनेची नाही आणि त्या पोरीची तर नाहीच. कंदील उजेडासाठी सोडत नाहीत हे त्या गावात मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी उजेड बघून मी हो म्हणाले. तो दिवा हवेवर चालत नाही. तो पाण्यात बुडवला तरी जळेल.

एक गोष्ट मात्र मी सोडली नव्हती. दोर. पोरगी मॅडमना म्हणत होती की शिडी आहे तर दोर कशाला. मी ऐकलं नाही. बगलांखालून घेऊन पाठीवर गाठ मीच मारली, आणि ती ओढून बघितली.

तर मी पेवावर आडवी बसले होते आणि सर नडगी धरून ओरडत होते. "ओढा," मी म्हणाले. मॅडमनी ते सांगायची गरज पडली नाही. माझा लेक आणि ती अकरा मुलं दोराला लागली. बैलानं मोट ओढावी तसे ते दोर घेऊन पेवापासून लांब चालत गेले. मी बाजूला झाले. दोर वर आला, पोरगी वर आली आणि पेवाच्या गळ्याशी अडकली. तिचं कोपर बाजूला गेलं होतं आणि काठाखाली रुतलं होतं. ते जितके ओढत होते तितकी ती घट्ट बसत होती.

"थांबा. ढील द्या."

मी छाती भरून श्वास घेतला, पालथी पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. हाताला वेणी लागली. ती मनगटाला गुंडाळली आणि पोरीला अर्धी फिरवली. माणसाचं डोकं इतकं जड असतं हे मला तेव्हा कळलं. कोपर सुटलं. "ओढा," मी ओरडले, त्याबरोबर माझा श्वास संपला आणि आतला आंबूस वास माझ्या नाकात गेला. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. सुनेनं माझे पाय धरून मला मागे खेचलं.

पोरगी फरशीवर पडली होती. ओठ जांभळे. त्यांच्यातल्याच एका मुलीनं तिचं नाक दाबलं, तोंडाला तोंड लावलं आणि फुंकर घातली. पुन्हा घातली. गाव भोवती जमलं होतं. एरवी अशा गोष्टीवर आमच्या गावात महिनाभर हसतील. त्या दिवशी कोणी हसलं नाही, सगळे मोजत असल्यासारखे ओठ हलवत होते. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. मग तिची छाती आपली आपण वर झाली. ती खोकली आणि तिच्या तोंडातून ज्वारीचे दाणे पडले.

तिला जीपमधून लोह्याला आणि तिथून नांदेडच्या दवाखान्यात नेलं. बाकीच्यांनी मुक्काम वाढवला, आणि तीन दिवसांनी ती परत आली. तिचे सर पॅन्ट वर करून मला नडगी दाखवत होते. हिरवंनिळं झालं होतं. मी म्हणाले, "दुखतंय का?" त्यांनी हात जोडले. मी म्हणाले, "दुखू द्या. दुखतंय म्हणजे तुम्ही जिवंत हायेत."

पोरगी ओसरीत माझ्याजवळ बसली. तिनं एक काचेची बरणी मागितली, तिच्यात रात्री भिजवलेली ज्वारी भरली आणि झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी झाकण उघडून म्हणाली, पेटती काडी आत सोडा. मी सोडली. काडी कोणी फुंकावी तशी विझली. मी पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. बरणीत काहीच नव्हतं, नुसती ज्वारी.

"ती म्हणतीय," मॅडम सांगू लागल्या, "दाणा मेलेला नसतो, आजी. तोही श्वास घेतो. कोंडला की आतली चांगली हवा तोच संपवतो आणि वाईट सोडतो. ती जड असती, खाली बसती. तिच्यात किडा जगत न्हाई, म्हणून तर ज्वारी टिकती."

"आन् माणूस बी जगत न्हाई."

"न्हाई."

मी बरणी हातात घेतली आणि बराच वेळ बघत बसले. सत्तर वर्षं मी ज्वारी पेरली, खुडली, दळली, खाल्ली. ती माझ्यासारखाच श्वास घेते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जे तिला राखतं तेच आपल्याला मारतं. त्यात कोणाचा राग नाही की कोणाचा दोष नाही. पेवातल्या भुतानं धरलं असं आमच्याकडे म्हणायचे. भूतबीत काही नाही. ज्वारी श्वास घेत होती. मी त्या बरणीला नमस्कार केला. सून हसली तर हसू दे.

मग पोरीनं विचारलं, कंदिलाची रीत तुम्हाला कोणी शिकवली. मी सांगितलं, कोणी नाही, बघून कळली. मी सहा वर्षांची असताना माहेरी पेव उघडलं होतं. कंदील शेजाऱ्यानं नेला होता, तो येईपर्यंत कोण थांबणार म्हणून माझा चुलता तसाच उतरला. तो हाक देईना म्हणून माझा बाप त्याच्यामागे उतरला. दोर कोणालाच बांधला नव्हता. मी काठावर उभी होते.

पोरीनं हे वहीत लिहिलं नाही.

पेव आम्ही बुजवलं नाही. कंदिलाला तेल आहे.

माझ्या माहेरच्या पेवात दोघं उतरले, दोघंही गेले. आमच्या पेवात ती एकटी उतरली. ती जगली.