दारातून दुरुस्ती

राजेश्वरीनं दारात पाऊल ठेवलं आणि दोन गोष्टी एकदम ओळखल्या. कॉम्प्युटरचं काय बिघडलंय ते, आणि घर कुणाचं आहे ते.

कमलाकर सरांचे केस पांढरे झाले होते. बोट रोखून बोलायची ढब तीच होती.

"कंपनीची ना तू? लवकर बघ. काल दुपारपासून इंटरनेट नाही. अकराला माझा सत्कार आहे, ऑनलाइन. कॉम्प्युटर शिकलेल्या पहिल्या वर्गाचे चाळीस माजी विद्यार्थी जमणार आहेत. शाळेत कॉम्प्युटर मी आणला ना!"

घड्याळात सव्वादहा झाले होते.

टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या डब्याची पाठ दाराकडे होती. डब्यावर हळदीकुंकवाची बोटं, झेंडू, अक्षता. काल खंडेनवमी. सरांनी वायरी काढून डबा पुसला होता आणि त्यांच्या बायकोनं, यशोदाकाकूंनी, विळी, कात्री आणि कॉम्प्युटर एका ओळीत पुजला होता. मग वायरी परत लावल्या. इंटरनेटची केबल मात्र खाचेत अर्धीच गेली होती. शेजारचा हिरवा दिवा विझलेला. आत अक्षता अडकली असणार. दोन मिनिटांचं काम.

राजेश्वरी उंबऱ्याबाहेरच थांबली.

तिच्या घरी टॉवेलचे दोन माग होते. वडील ईश्वरप्पा माग चालवायचे, अम्मा विड्या वळायची. सुताचे तंतू घरभर उडायचे, वेणीत बसायचे, शाळेच्या कपड्यांना चिकटायचे. आठवीत पहिल्यांदा कॉम्प्युटरचा तास झाला, तेव्हा सरांनी तिच्या खांद्यावरचा एक तंतू दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला होता. "हे मशिनमध्ये गेलं की मशीन मेलं. तू दारात उभी राहा. हात लावायचा नाही." पोरं हसली. त्यानंतर वर्षभर, दर गुरुवारी, ती दारात. पोरं काय दाबतात, काय चुकतात, सगळं तिनं तिथूनच पाहिलं. पुढं ती हेच काम शिकली. आज सोलापुरातल्या निम्म्या घरांचं इंटरनेट तिच्या हातून सुरू झालेलं होतं.

"सर, आधी राउटर बंद करा," ती म्हणाली. "तीस आकडे मोजा. मग चालू करा."

सरांनी मोजले. काही झालं नाही.

"आता टेबलाखाली जा. भिंतीतली वायर काढून परत लावा."

"मी?"

"व्हय."

सर गुडघ्यांवर बसले, मग हातांवर आले. नव्या झब्ब्याला जळमटं लागली. वर येताना डोकं टेबलाला आपटलं. राजेश्वरी बघत राहिली.

"परत एकदा जा सर. नीट बसली नसंल."

यशोदाकाकू चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याची दशा बघून थबकल्या. "अगं, त्यांना कशाला रांगायला लावतेस? तूच ये की आत."

"मला हात लावायची परवानगी न्हाय, काकू."

"कुणाची? कंपनीची?"

"सरांची."

सर टेबलाखालून बाहेर आले. "माझी? मी कधी काय म्हणालो?"

"आठवी ब. दर गुरुवारी. सूत मशिनात जाईल म्हणून मला दारात उभं केलं तुमी. वर्षभर."

सरांनी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं. चेहरा पाहिला. मग मान हलवली. "नाही बुवा आठवत. अडीचशे पोरं असायची. म्हटलंही असेन. तेव्हा मशीन जपायला लागायचं."

हे तिनं गृहीत धरलं नव्हतं. सर लाजतील, चिडतील, खोटं बोलतील, असं सगळं तिनं वर्षानुवर्षं मनात घोळवलं होतं. त्यांच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

अकराला पाच मिनिटं कमी होती. सरांचा फोन वाजू लागला. "हो, हो, येतोच. कंपनीची मुलगी आली आहे. तिला काही जमेना."

राजेश्वरीनं बॅग खांद्याला लावली. निघून गेली असती तर सत्कार बुडाला असता. पण मग चाळीस जणांना एवढंच कळलं असतं, की पोरीला काम येत नव्हतं. आणि ते चाळीस जण केबलच्या पलीकडे थांबले होते. त्या वर्गात बसलेले. पाहिलेले. हसलेले.

तिनं बॅग खाली ठेवली.

"कॉम्प्युटर बंद करा. बटणापासनं. काकू, दात कोरायची काडी हाय? सर, ती निळी केबल काढा. खाचेत काय दिसतंय?"

सरांनी चष्मा सावरला. काडी फिरवली. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा टेबलावर पडला. केबल घातली, टक् झालं. कॉम्प्युटर चालू केला आणि हिरवा दिवा लागला.

"बाई गं! माझीच अक्षता!" काकूंनी तोंडाला पदर लावला.

पडद्यावर चौकोन उघडू लागले. टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "सर, डोक्यावर जळमट!" सरांनी ते झटकलं, हसले आणि दाराकडं हात केला.

"उशीर झाला, माफ करा. पण योग बघा. दुरुस्तीला कोण यावं? आपल्याच शाळेची राजेश्वरी! माझ्या हाताखाली तयार झालेली. ये गं, पुढं ये."

राजेश्वरी चप्पल काढून आत गेली. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"सरांनी मला शिकवलं न्हाय. वर्षभर दारात उभं केलं. अंगाला सूत लागलंय म्हणून. तुमी सगळे आत होता. सरांना आठवत न्हाय म्हणे. तुमाला आठवतंय का?"

कोणीतरी खोकलं. मग अभिमन्यूनं, तेव्हाच्या वर्गाच्या मॉनिटरनं, मान खाली घातली.

"आठवतंय की. सर, खरं हाय ते. आमी हिला वॉचमन म्हणायचो."

"मीच पाडलं होतं ते नाव," दुसऱ्या चौकोनातून वैजयंती म्हणाली. तिच्या टेबलावर सरांसाठी लिहिलेलं भाषण होतं. तिनं ते पालथं घातलं.

आता एकेक जण बोलू लागला. कुणाला गुरुवार आठवला, कुणाला तो तंतू. सर माउस इकडंतिकडं फिरवत होते. बाण पडद्यावर कसाही धावत होता.

"याचा आवाज कुठं बंद करायचा?" ते पुटपुटले. तेही सगळ्यांना ऐकू गेलं. "अगं, सांग ना. कुठं दाबायचं?"

राजेश्वरीला ते बटण दिसत होतं. तिनं काकूंच्या हातातला चहा घेतला, उभ्यानंच संपवला, आणि चप्पल घालून जिना उतरली.