मयताचा अंगठा

आधीच सांगते, मी माटुंग्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भूतबित मानत नाही. सत्यनारायणालासुद्धा शिऱ्यासाठीच बसते. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातला राग अजून जात नाही.

परळच्या एका सरकारी हॉस्पिटलात माझे बाबा, दत्ताराम परब, ॲडमिट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचं ऑपरेशन, आणि ब्लड बँक रक्त देईना. का? तर कॉम्प्युटरमध्ये बाबा मयत! त्याच नावाचे लालबागचे एक गृहस्थ महिन्यापूर्वी इथेच वारले होते... आणि नव्या सिस्टीमने दोघांचं मिळून एकच रेकॉर्ड करून टाकलं होतं.

"अहो, माझे बाबा वर वॉर्डात पेज पितायत," मी खिडकीवरच्या क्लार्कला म्हटलं.

"पटतंय हो मॅडम. पण रेकॉर्ड वेगळं करायला दोघांचे अंगठे परत जुळवावे लागतात. तुमच्या वडिलांचा झाला. आता दुसऱ्या पेशंटला आणा."

"ते मेलेत ना?"

"सिस्टीम तेच मागतेय. मी काय करू?"

काय करू म्हणे. सकाळी नवापासून मी तिथे उभी. साहेबांकडे गेले, तर म्हणे आयटीला मेल करा. इथे माझा बाप जाईल, त्याचं कुणाला काही नाही. तोंडाला येईल ते बोलले मी. दीड वाजता क्लार्कने कॉम्प्युटर लॉक केला, शटरला कुलूप घातलं आणि जेवायला गेला. मी शटरला पाठ लावून खालीच बसले... रडले, पण हलले नाही.

दोनला येऊन त्याने स्क्रीन उघडली आणि ती माझ्याकडे वळवली. रेकॉर्ड वेगळी झाली होती. दुसऱ्या पेशंटचा अंगठा जुळला — याच खिडकीवर, एक बेचाळीसला.

"कोण आलं होतं मॅडम?"

कोणी नाही. शपथेवर सांगते. बाबांना रक्त मिळालं, ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. आयटीवाले म्हणतात, सर्व्हरची गडबड. मग अंगठा जुळला कसा, ते त्यांना सांगता येत नाही. मलाही नाही.

स्क्रीनवरचा पत्ता लक्षात होता. एका रविवारी लालबागला त्या गृहस्थांच्या चाळीत गेले, त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, मावशी रडतील, नाहीतर मला वेडी म्हणतील. त्या संतापल्या.

"जिते होते तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी रांगेत उभे करून ठेवल्यानी," त्या म्हणाल्या. "आता मेल्यावर पण येऊक लावल्यानी?"